खिडकीखालची पट्टी

सोमवारी, ७ फेब्रुवारी १९५५ रोजी सकाळी दहाच्या सुमारास गुणाजी शेठची बुइक कल्याणहून स्वतःच्या चाकांवर कळव्याला परत आली. ते बघायला खाडीकाठची निम्मी वस्ती मिठाच्या गोदामासमोर जमली होती. ही गाडी चालताना लोकांनी पाहिली त्याला तेरा वर्षं झाली होती. बेचाळीसमध्ये पेट्रोल रेशनवर गेलं, टायर मिळेनात, तेव्हा गुणाजीने ती गोदामाच्या छपरीत लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली. तेव्हापासून तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

गुणाजी अठ्ठावन्न वर्षांचा. खाडीलगतच्या सोळा वाफ्यांचं मिठागर त्याचं. चाळीस वर्षं पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून त्याचे डोळे गेले. आधी उजवा, मग एकोणपन्नासच्या दिवाळीपर्यंत डावाही. काठी टेकत तो पुढे आला, बॉनेटवर तळहात ठेवला आणि हसला.

"तापलीय," तो म्हणाला. "जित्ती हाय."

ड्रायव्हर आनंदाने हॉर्न वाजवला. पोरं ओरडली. गुणाजीचा एकुलता मुलगा काळुराम याने मागचं डावं दार उघडून धरलं. गुणाजी आत शिरला, आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि नेहमीसारखा त्याचा डावा हात खिडकीखाली गेला. तिथे तो हात थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"कालू."

"काय बा?"

"ही कोनाची गारी?"

लोकांना ती थट्टा वाटली. दोघंतिघं हसले. काळुरामही हसला. "तुमचीच. आतून सगळी नवीन करून घेतली. मुंबईचं रेक्झिन हाय, लाल. दारांनासुद्धा तेच. जुन्याला भेगा गेलेल्या."

"भेगा मना ठाव हायत. चौदा होत्या." गुणाजीचा आवाज अजून चढलेला नव्हता. "लाकडाची पट्टी कुठं हाय?"

"ती काढली. जुनीपुराणी..."

"गारी नेलीस तवा मी काय बोललेलो?"

काळुराम आपल्या नव्या बुटांकडे बघू लागला.

"आनंदा, तू होतास. मी काय बोललेलो?"

आनंदाने स्टीअरिंगवरचे हात काढले. "इंजिन कर, चाकं कर, रंग लाव नायतर नको लावू. आत हात लावू नको. असं बोललेलात, शेठ."

गुणाजीने कोटाच्या खिशातून चाकू काढला. आपण बसलो होतो त्याच्या शेजारी त्याने पातं टेकवलं आणि लाल रेक्झिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. मग त्या फटीत हात घालून चाचपलं. खाली जुनं चामडं नव्हतं. हाताला आला तो काथ्या. त्याने मूठभर काथ्या उपसून दारातून बाहेर फेकला. तो काळुरामच्या नव्या बुटांवर पडला.

"घोड्याचे केस होते यात. इंग्रज साहेबाच्या गारीत असतात तसले. तू मना दोरीवर बसवलंस!"

आता कोणी हसत नव्हतं.

ती पट्टी काय होती, हे जमलेल्यांपैकी सगळ्यांना माहीत होतं. गाडीचा सांगाडा अमेरिकेहून बोटीने आला होता, पण वरची बॉडी मुंबईतल्या एका कारखान्यात बांधलेली होती. आतलं काम तिथलंच: तपकिरी चामडं, लोकरी कापडाचं छत आणि प्रत्येक खिडकीखाली चार बोटं रुंदीची अक्रोडाची पट्टी. गुणाजीने अडतीस साली ठाण्याच्या एका वकिलाकडून ही गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि आतून कोरी करकरीत होती. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात, डावा डोळा जायच्या आधी, तो पंधरा दिवस रोज छपरीत जाऊन ठोकळ्यांवरच्या गाडीत बसला आणि मागच्या डाव्या दाराच्या पट्टीवर त्याने आपलं मिठागर कोरलं. सोळा वाफ्यांची सोळा भोकं, गोदामापासून खाडीपर्यंतच्या क्रमाने. जिथे खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी होती तिथे आडवी खोल खाच. वाफा भरला की त्या भोकात आगपेटीची काडी खोचायची, मीठ काढून रिकामा झाला की काडी काढायची. कोरताना तो डोळे मिटून बोट फिरवायचा आणि चुकलं की पुन्हा कोरायचा.

डोळे गेल्यावर गाडीतली ती जागा म्हणजे त्याची कचेरी झाली. रोज सकाळी सहा वाजता तो आत बसे. माणसं एकेक करून खिडकीशी येत आणि आपापल्या वाफ्याचं सांगत. गुणाजीचं बोट पट्टीवरून सरके आणि हुकूम सुटे. चौथ्यात पानी घ्या. नवव्याला अजून दोन दिवस ऊन द्या. पाच मिठागरं होती त्या काठाला, पण आंधळा मालक स्वतः हुकूम देतो असं हे एकच.

गाडी चाळीस दिवस कल्याणला होती. तेवढ्या काळात गुणाजी गोदामाच्या ओट्यावर बसून डोक्यातल्या डोक्यात वाफे सांभाळत होता. दोनदा चुकला. दुसऱ्यांदा त्याने सातव्यात पाणी सोडायला सांगितलं, तेव्हा सातव्यात मीठ धरत आलं होतं. दहा दिवसांचं मीठ विरघळून गेलं. त्यानंतर माणसं ओट्याकडे यायच्या आधी काळुरामला विचारू लागली. गुणाजीला ते ऐकू येत होतं. गाडी परत येईस्तोवर, असं मनाशी म्हणत तो गप्प बसला होता.

"आनंदा, फिरव गारी," तो आता म्हणाला. "कल्यानला. हौसा, तू बस माझ्या बाजूला. आनि ह्याला घे फुडं."

"मी कशाला?" काळुराम म्हणाला.

"कोनी काढली ते दाखवायला."

हौसाबाई, गुणाजीची बायको, फाटलेल्या रेक्झिनवर पदर पसरून बसली. "जेवून तरी निघा," ती म्हणाली.

"कोनी जेवायचं नाय. तुझा लेक तर नायच. त्याला आज भूक लागली पायजे."

गाडी मुंब्र्याचा चढ चढली. इंजिन चांगलं चालत होतं आणि गुणाजीला त्याचाही राग येत होता. शीळचा फाटा गेल्यावर काळुराम मागे न वळता म्हणाला, "लोक काय बोलतात ठाव हाय? गुणाजी शेठची गाडी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. मी तुमचंच नाव राखायला गेलेलो."

"माझं नाव माझ्याकडं हाय. पट्टी कुठं हाय ते बोल."

"मना काय ठाव? कुशनवाल्याला विचारा."

"विचारतो."

कुशनवाला विश्राम याचं दुकान कल्याण स्टेशनाबाहेर, टांगे उभे राहतात त्याच्या मागच्या बोळात होतं. विश्राम पन्नाशीचा, बारीक. कोकणातून आलेला आणि बावीस वर्षं गिरगावात मोटारींच्या गाद्या शिवलेला. बुइक बोळाच्या तोंडाशी थांबताच तो हसत बाहेर आला. मागचं दार उघडल्यावर फाटलेली सीट दिसली आणि त्याचं हसू गेलं.

"हे कोणी केलं?"

"मी," गुणाजी म्हणाला. "माझं सामान दे."

"कसलं सामान, शेठ?"

"या गारीतून जे काढलंस ते. चामडं, केस, लाकूड. सगलं."

विश्रामने काळुरामकडे पाहिलं. काळुराम टांग्याच्या घोड्याकडे बघत होता.

"शेठ, राग मानू नका," विश्राम म्हणाला. "पण आमच्या धंद्यात उतरलेला माल कारागिराचा. मालकाने काढ म्हटलं, मी काढला, की तो माझा. त्यावर मागे वळून बघायचं नाही. हे मी ठरवलेलं नाही. गिरगावात माझ्या उस्तादाच्या आधीपासून असंच आहे."

"मालक मी हाय. मी काढ बोललो नाय."

"तुमचा मुलगा बोलला. मालकाचा मुलगा आला, मालकाची गाडी घेऊन आला. मी कोणाला विचारायला जाणार?"

गुणाजीने काठी जमिनीवर आपटली. "ह्या बोलात उभं करून तू मना धंदा शिकवतोस! माझी वस्तू माझ्या गारीतून..."

"आनि टोपलीतनं सांडलेलं मीठ?" हौसाबाई मधेच म्हणाली.

गुणाजी तिच्याकडे वळला.

"होडीत भरताना टोपलीतनं सांडतं ते मीठ कोनाचं?" ती म्हणाली. "वाहनाऱ्या बायांचं. त्या मुकादमानं झाडून परत राशीवर टाकलं, तवा त्याला तुमी गावाभायेर काढलंत. सगल्यांसमोर बोललात, सांडलं ते मालकाचं नाय. बोललात कं नाय?"

बोळात दोन टांगेवाले आणि एक पानवाला उभे राहिले होते. गुणाजीच्या कपाळावरची शीर फुगली होती. शेवटी तो म्हणाला, "बोललो." आणि मग, दात आवळून, "विश्राम, तुझा माल हाय. मी मागतोय."

विश्रामला एवढी अपेक्षा नव्हती. तो गडबडीने आत गेला आणि चामड्याची मोठी गुंडाळी घेऊन आला. "मागच्या सीटचं आहे. हे मी मोडायला काढलंच नव्हतं. हाताची शिवण आहे, शेठ, इंचाला नऊ टाके. आता असं कोणी घालत नाही. घोड्याचे केसही आहेत, पोत्यात भरून ठेवलेत."

गुणाजीने गुंडाळी हातात घेतली, नाकाशी नेली. बोटांनी भेगा मोजायला सुरुवात केली. सात-आठवर आल्यावर त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

"पुढच्या सीटचं?"

विश्रामची नजर खाली गेली.

"फुडल्या सीटचं त्याच्या पायांत हाय," हौसाबाई म्हणाली. "नव्या कोऱ्या चपला हायत."

पानवाला मोठ्याने हसला. विश्रामने एक पाय दुसऱ्यामागे लपवायचा प्रयत्न केला. "ते सुकून कडक झालेलं, सीटला चाललं नसतं. चपलांना चालतं."

"घाल. तुझा माल हाय," गुणाजी म्हणाला. "पट्टी दे."

यावर विश्राम खुलला. आत जाऊन त्याने धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि ते उलगडताना तो भरभर बोलू लागला. "लाकूड बघाल तर खूश व्हाल. असलं अक्रोड मी दहा वर्षांत बघितलेलं नाही. मी ते टाकणार नव्हतो, शेठ, कोणी काहीही सांगू दे. पंधरा दिवस रोज दुकान बंद केल्यावर घासत बसायचो. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. वर चपड्याच्या पॉलिशचे सात हात. सगळ्या पट्ट्या चांगल्या होत्या, एकीलाच कीड लागलेली. सोळा भोकं होती आणि वर कोणीतरी चाकूने ओरबाडलेलं. भोकं मी भुसा आणि चपडा घालून बुजवली. आता एक जरी सापडलं तर माझं नाव बदला."

त्याने ती पट्टी गुणाजीच्या हातांत ठेवली.

गुणाजीने बोट एका टोकाला टेकवलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. बोट कुठेही अडलं नाही. त्याने पट्टी उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली. अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिलं. पट्टी काचेसारखी गुळगुळीत होती.

"कीड रांगेत जाते कं?" तो म्हणाला.

"अं?"

"सोळा भोकं. एका रेषेत. सारख्या अंतरावर. कीड अशी मोजून जाते कं रं, मूर्खा?"

"मलाही नवल वाटलेलं," विश्राम म्हणाला. मग त्याला काहीतरी उमगलं आणि तो हळूच म्हणाला, "कोणी पाडलेली?"

"मी! डोले होते तवा! ते माझं मिठागर होतं!" गुणाजी इतक्या मोठ्याने ओरडला की टांग्याचा घोडा बिचकला. "सोळा वाफे होते त्याच्यावर! तू त्याला पॉलिश केलंस! सात हात!"

विश्रामचा चेहरा पडला. आजवर त्याच्या कामाला कोणी असं म्हटलं नव्हतं, आणि काम तर त्याने आयुष्यात केलं नव्हतं इतकं चांगलं केलं होतं. त्याला राग आला. तो काळुरामकडे वळला.

"तुम्ही का नाही सांगितलंत? उलट म्हणालात, बाकीचं काय करायचं ते करा, ही डावीकडची पट्टी मात्र चुलीत घाला."

"मी असं बोललेलो नाय," काळुराम म्हणाला.

"बोललात. दोनदा. दुसऱ्यांदा विचारायला आलेलात, जाळली का म्हणून. मी जाळली म्हटलं, कारण मला ती जाळायची नव्हती."

गुणाजीने मान काळुरामच्या आवाजाच्या दिशेने वळवली आणि तशीच ठेवली. पट्टी काखेत मारून तो गाडीत जाऊन बसला.

विश्राम गुरुवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन स्वतः कळव्याला आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. छपरीत बसून त्याने लाल रेक्झिन उतरवलं, घोड्याचे केस पिंजून भरले आणि जुनं चामडं जुन्याच खिळ्यांच्या भोकांतून बसवलं. एका जागी शिवण उसवली होती, तिथे त्याने जुन्याच भोकांतून दोरा ओवला. गुणाजी बाहेर बसून हातोडीचे आवाज ऐकत होता. दुपारी दोन वाजता विश्राम म्हणाला, "शेठ, पट्टी द्या. तुम्ही सांगा, मी भोकं पाडतो. माझ्याकडून गेलीत, मीच पाडीन."

"तू नाय," गुणाजी म्हणाला. "तुझं गिरमीट त्याला दे."

काळुराम सकाळपासून छपरीच्या खांबाला टेकून उभा होता. "मना नाय जमणार."

"जालायला जमत होतं. बस."

पट्टी दारावर बसवली होती. काळुराम गाडीत, बापाच्या जागी, गिरमीट घेऊन बसला. गुणाजी बाहेरून खिडकीशी उभा राहिला, जिथे रोज सकाळी माणसं उभी राहत. हौसाबाई गोदामाच्या दारात तांदूळ निवडत होती. आनंदा टायरला वारा भरत होता.

"पयला. कडेपासून दोन बोटं सोर."

गिरमीट फिरलं. भुसा खाली पडला. गुणाजीने खिडकीतून हात आत घालून भोक तपासलं. "दुसरा. एक बोट." भोक. "तिसरा." चौथ्याला काळुरामचा हात घसरला आणि चपड्यावर ओरखडा उठला. विश्रामने डोळे मिटून घेतले. "ऱ्हाऊ दे," गुणाजी म्हणाला. "चौथ्याला तिरका बांध हायच. पाचवा. पाचव्याच्या आधी उघाडी. आडवी खाच मार, खोल."

असं दहाव्यापर्यंत झालं. गुणाजी मधेमधे शिव्या देत होता, पण कामाच्या शिव्या होत्या.

"अकरावा."

गिरमिटाचा आवाज आला नाही.

"अकरावा बोललो. एक बोट सोरून."

"बा," काळुराम म्हणाला, "अकरावा नाय."

"काय नाय?"

"अकरावा वाफाच नाय. गेला. त्रेपन्नच्या श्रावणात, पुनवेच्या उधाणाला भायेरचा बांध फुटला. वाफा खाडीत गेला. तिथं आता गुडघाभर चिखल हाय."

आनंदाने पंप थांबवला.

गुणाजीने खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. "त्या बांधाला दगड टाकायला मी जेठात सांगितलेलं. कोनाला सांगितलेलं?"

"मना."

"टाकलेस?"

"नाय."

"उधाणाच्या दिवशी कुठं होतास?"

"कल्यानला. कुस्त्या बघायला गेलेलो."

"आनि रोज सकाली?" गुणाजीचा आवाज फुटला. "दीड वरीस! रोज सकाली कोन बोलत होतं, अकरावा भरला, अकराव्यात मीठ धरलं, अकरावा रिकामा केला? मी काडी खोचत होतो! काढत होतो! कोन बोलत होतं?"

"मी." काळुराम गाडीतून खाली उतरला. त्याच्या हातात अजून गिरमीट होतं आणि आता तोही ओरडत होता. "मीच बोलत होतो! रोज! तुमी त्या भोकावर बोट ठेवायचात आनि मी दुसरीकडं बघायचो. दीड वरीस नसलेल्या वाफ्याचं मीठ काढतोय मी! बाकीच्या राशींतलं काढून अकराव्याचं म्हणून सांगतोय! म्हणून जाल बोललो. ती पट्टी गेली की तुमी इचारायचं थांबाल असं वाटलं."

गुणाजीने काठी उगारली. ती गाडीच्या दारावर आदळली आणि नव्या काळ्या रंगाचा टवका उडाला.

"आनंदा!"

"शेठ."

"तुना ठाव होतं?"

आनंदा जमिनीकडे बघत राहिला. हे गुणाजीला दिसलं नाही, पण त्याचं गप्प राहणं ऐकू आलं.

"हौसा?"

हौसाबाईने सूप खाली ठेवलं. "सगल्यांना ठाव होतं. शेजारच्या आगरवाल्यांना ठाव हाय. होड्यांवरच्या लोकांना ठाव हाय."

"आनि मना आंधल्याला कोनी सांगितलं नाय!"

"कसं सांगनार?" ती उठून त्याच्यासमोर आली. तिचाही संयम संपला होता. "पाचव्याची उघाडी फुटली तवा आपला गडी धाकू सांगायला आलेला. सांगायला! फोडायला नाय. त्याला ह्याच काठीनं ह्याच खिडकीतनं मारलंत. त्याच्या भुवईवर खूण हाय अजून. तुमाला दिसत नाय, आमाला रोज दिसते. त्याच्यानंतर ह्या खिडकीशी कोन खरं बोलनार?"

गुणाजीने काठी पुन्हा उगारली आणि अर्ध्यावरूनच खाली घेतली. विश्रामने हत्यारं आवरायला सुरुवात केली, मग तेही थांबवलं.

"बस आत," शेवटी गुणाजी म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता. आवाज फक्त खाली आला होता. "बारावा."

काळुराम तसाच उभा. "अकराव्याच्या जागी काय करू?"

"काय करू नको. जागा सोर. बारावा जिथं होता तिथंच पार."

संध्याकाळपर्यंत पंधरा भोकं आणि चार खाचा पाडून झाल्या. विश्राम जाताना पट्टीवर हात फिरवून म्हणाला, "थोडा चपडा लावू का कडांना?" हौसाबाईने त्याला हाताला धरून छपरीबाहेर नेलं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता गुणाजी गाडीत बसला. खाली चौदा भेगांचं चामडं होतं. समोर ड्रायव्हरच्या सीटवर तेवढं लाल रेक्झिन राहिलं होतं, ते त्याला दिसायचा प्रश्न नव्हता. त्याच्याजवळ आगपेटीच्या काड्या होत्या. माणसं एकेक करून आली. पहिला भरलेला. दुसरा रिकामा. तिसऱ्यात मीठ धरतंय. काड्या आत-बाहेर होत राहिल्या. दहाव्यापर्यंत सगळं नीट चाललं.

दहाव्याचं सांगायला धाकू आला होता. सांगून तो वळला.

"धाकू, थांब," गुणाजी म्हणाला. "अकरावा?"

धाकूने मागे उभ्या असलेल्या काळुरामकडे पाहिलं. काळुरामने मान खाली घातली. धाकूने खिडकीतून गुणाजीच्या मांडीवर आडव्या ठेवलेल्या काठीकडे पाहिलं.

"भरलाय, शेठ," तो म्हणाला. "चांगला भरलाय."

गुणाजीचं बोट दहाव्या आणि बाराव्याच्या मधल्या गुळगुळीत जागेवर होतं. ते तिथेच दाबून राहिलं, इतकं की नख पांढरं पडलं. रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरली.

मग त्याने दार उघडलं. काठी बाहेर काढली आणि ती पाठीमागे, गाडीत सीटवर टाकली. रिकामा हात पुढे करून तो पायरीवरून खाली उतरला.

"हात धर माझा," तो धाकूला म्हणाला. "चल. अकरावा दाखव मना."